दोन रूळ

हैबतीने लढाईतून जर्मन मशीनगनचा नुसता बोल्ट, नळी मागून बंद करणारा लोखंडी ठोकळा, आणला होता. मशीनगन इटलीतच राहिली. पासली गावच्या पावसात घरातले कोयते गंजायचे, पण बोल्टच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले दोन वाटोळे रूळ बारा वर्षं तेलाविना चकाकत होते.

खंडेनवमीला भागूबाईने तो कोयत्यांशेजारी पाटावर मांडला. “धड बंदूक तरी आणायची,” ती दरवर्षीसारखी नवऱ्याला म्हणाली. ती कुंकू लावत असताना ते बाहेरचे रूळ टक्कन आत गेले.

“अवं, हे आपसूक मिटलं.”

हैबतीने बोल्ट उचलून पाहिला. “नळीतनं गोळी भाईर पडल्याबिगर ते आत जात न्हाईत. म्हंजी तिकडं गोळी सुटली.”

तो दाराकडे धावला. समोरच्या माळावर त्यांचा म्हादू मेंढरं राखत होता.

“म्हादू, खाली बस,” हैबती ओरडला.

पोराने उभ्यानेच हात हलवला. भोवतीच्या मेंढरांनी एकदम, एकाच दिशेला, माना वळवल्या.