तसबिरीमागची प्रत

"माझ्या मुलाचा कॉम्प्युटर आहे तो, तुझ्या बापाचा नाही!" स्तामेनाने ओढला, सुनेने सोडला नाही, आणि दोघींच्या झटापटीत तो जिन्यावरून गडगडत खाली गेला.

"झालं समाधान?" स्तामेना किंचाळली. "ल्युबिशाचे फोटो, त्याचा आवाज, सगळं गेलं! आधी त्याला खाल्लंस, आता हेही!"

"काही गेलेलं नाही," यास्ना थंडपणे म्हणाली. "तो गेल्यावर मी सगळ्याची प्रत काढली. अशी प्रत घराबाहेर ठेवायची असते. ती तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे? तुला मी उंबरा तरी ओलांडू देते का?"

"स्लावाला, घरच्या संतांच्या सणाला, दार कुणालाच बंद नसतं, सासूबाई. तुम्ही पाहुण्यांना वाढत होतात, तेव्हा डिस्क त्या संतांच्या तसबिरीमागे चिकटवून आले. उद्या आग लागली तर तुम्ही आधी तसबीरच उचलाल, हे ठाऊक होतं मला."

रोज सकाळी त्याच तसबिरीपुढे मेणबत्ती लावून स्तामेना संतांकडे एकच मागणं मागत आली होती: या बाईपाशी माझ्या मुलाचं काहीएक उरू देऊ नका.