मुलाखतीतलं नाव

"गाणं कुणाकडे शिकलात?" रेडिओवरच्या मुलाखतीत प्रश्न आला, आणि देशोदेशीच्या ऑपेरांतून नाव होऊ लागलेल्या त्या तरुण टेनर गायकाने एका विख्यात गायकाचं नाव ठोकून दिलं. त्यांच्याकडे तो जेमतेम चार महिने गेला होता. त्याआधीची अकरा वर्षं लाँड्रीतून दमून आलेल्या आत्याने पियानोपाशी बसून त्याचा गळा घडवला होता.

दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. तिने काही बोलायच्या आतच तो म्हणाला,

"आत्या, चुकलो गं मी. पुढच्या वेळी तुझंच नाव सांगतो."

"अजिबात नको!" आत्या घाईघाईने म्हणाली. "काल पेपरचा बातमीदार आला होता. शेजारणीने त्याला सांगितलं होतं, की तुला मी शिकवलं."

"मग?"

"मग काय! पियानोवर इस्त्रीच्या चादरी रचल्या आणि त्याला घरात घेतलं. म्हटलं, शेजारीण काहीही बोलते, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. छापूनसुद्धा आलंय आज. आता तू मला खोटी पाडू नकोस, बाळा."