हळदीचे पंजे

हळद. बाविसाव्या मजल्याची काच. पालीचा पाय.

काचा पुसणारा नीलकंठ हळूहळू खाली घसरत होता. त्याचे हातमोजे पालीच्या पायांसारखे, केवळ रेणूंमधल्या क्षीण आकर्षणावर काचेला धरून राहत. दोर लागत नसे. काल दसऱ्याला त्या हातमोज्यांची हळद लावून पूजा झाली होती. तीच हळद आता हातमोजे आणि काच यांच्या मध्ये आली होती.

"सुगंधा, पकड सुटतेय!" तो कानातल्या फोनवर ओरडला.

खाली उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "अहो, पाल कधी पाय धुते का? चालत राहते, धूळ आपोआप झडते! एकेक हात टेकवा, उचला, परत टेकवा."

प्रत्येक वेळी हात टेकवताच हळद काचेवर उतरत गेली आणि पकड परतली.

जमिनीवर येताच त्याने हात जोडले. "पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहा, बाई."

"आधी भिंतीवरच्या त्या पालीला नमस्कार करा."

त्याने मनापासून केला.

लग्नानंतर पहिली काही वर्षं, हे हातमोजे घरी येईपर्यंत, सुगंधा पाल दिसली की झाडू घेऊन धावायची.