रासमानेची मयत

पांढऱ्या कापडाखाली उताणं पडायचं आणि काहीही करायचं नाही, एवढाच रासमानेचा नाच होता.

मुळात तो बराच मोठा होता. नाच बसवायला युरोपातल्या गेंटहून आलेल्या लीस्बेटबाईंनी आधी त्यातल्या उड्या काढल्या, मग हात काढले, मग ढोलवाल्यांना घरी पाठवलं. "तुझ्या अंगात फार नाच आहे," त्या काळजीने म्हणाल्या होत्या. कार्यक्रमपत्रिकेत या सगळ्याला दोन खंडांमधला संवाद म्हटलं होतं.

कापड मात्र त्यांनी हौसेने स्वतः आणलं. इथल्याच, वागाडुगूच्या बाजारातून, आणि नेमकं कफनवाल्याच्या दुकानातून. "कोण गेलं?" दुकानदाराने विचारलं. बाईंनी हसत रासमानेकडे बोट दाखवलं. दुकानदाराने त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न मोजता कापड फाडलं.

ते आता अगदी बेताचं बसलं होतं.

अंगणातल्या मंचावर तो पडून होता. पुढच्या रांगेत युरोपातल्या नाट्यगृहांचे पाहुणे. त्यांना आवडलं तर हिवाळ्यात हा नाच तिकडे जाणार, रासमानेसकट. त्यांच्यामागे सगळी वस्ती. आई येणार नव्हती. "जिवंत माणसाने कफन पांघरलं की त्या कापडाला माणसाची चटक लागते," ती म्हणाली होती. "मी नाही यायची बघायला."

ती आली होती. आधी नुसता हुंदका ऐकू आला, मग "रासमाने, माझ्या रासमाने!" हा आवाज त्याने आयुष्यात एकदाच ऐकला होता, बाप गेला तेव्हा. शेजारच्या बाईने सूर धरला, मग तिच्या पलीकडचीने. बायका आल्या होत्या नाच बघायला, पण समोर पांढरं कापड आणि शेजारी रडणारी आई असल्यावर दुसरं करायचं तरी काय?

रासमानेने पायाचा अंगठा हलवून पाहिला. हलला नाही.

मुंग्या आल्या असतील, त्याने स्वतःला समजावलं. दुसरा हलवून पाहिला. तोही नाही. मघापर्यंत श्वास घेतला की कापड किंचित ओठांकडे ओढलं जात होतं. आता ते तसं ओढलं जातंय की नाही, हे काही केल्या कळेना. ओरडावं असं वाटलं. पण ओरडलो आणि कुणालाच ऐकू गेलं नाही तर? ते कळण्यापेक्षा न ओरडलेलं बरं.

"अप्रतिम," विंगेतून लीस्बेटबाई कुजबुजल्या.

तेवढ्यात मंचाच्या फळ्या करकरल्या.

"व्हा बाजूला! मालाची तपासणी व्हायचीय!"

तांती, म्हणजे मावशी, क्लेमाँतीन. शेजारीण, विमानतळावर कस्टमची अधिकारी, आणि मुख्य म्हणजे सामो जमातीची. रासमाने मोसी. या दोन जमातींचं नातंच थट्टेचं. एकाच्या मयतीत दुसऱ्याने येऊन प्रेताची टिंगल करायची आणि घरच्यांनी रागवायचं नाही, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. कुत्र्याचं मुंडकं कुणी खाल्लं, हे त्यांचं लुटुपुटीचं भांडणही तितकंच जुनं. रडणं फार वाढलं की कुणीतरी सामो उठतोच.

तिने कापडाचं टोक उचललं. "नवंकोरं कापड? या मोसड्याला? ह्याला कांद्याचं पोतं पुरे! आणि काय रे, माझं कुत्र्याचं मुंडकं कुठाय? ते हादडून मेलास होय? दाखव पोट!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तांतीने त्याची तंगडी धरून ओढली. कमरेपासून टाचेपर्यंत सुया टोचल्यासारखी कळ गेली. इतकी गोड कळ त्याला कधी आली नव्हती.

"मुंडकं तूच खाल्लंस, तांती," कापडाखालून आवाज आला. "सामोंनी कधी दुसऱ्यासाठी ठेवलंय का?"

"बघा, मेला तरी खोटं बोलतोय! म्हणजे जिवंत आहे."

सगळं अंगण खदाखदा हसलं. आईसुद्धा, नाक पुसत. रासमाने उठून बसला आणि घटाघटा पाणी प्यावं तसा श्वास घेत राहिला.

पाहुणे गेल्यावर लीस्बेटबाई आल्या. त्यांच्या चेहऱ्याला आता कुठे रंग येत होता. "होकार आहे! झाल्या प्रकाराबद्दल मी माफी मागितली. त्यांनी समजून घेतलं."

रासमाने मंचाच्या कडेला पाय सोडून बसला होता. अंगठे हलवत होता, एकदा हा, एकदा तो. "तांतीलाही न्यायचं का आपण?"

"छे, छे!" बाई कापडाची घडी घालत होत्या. ते धुवायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. घामाने त्याच्यावर तोंडाचा ठसा छान उमटला होता. "घाबरू नकोस. तिकडचे प्रेक्षक फार शिस्तीचे. शेवटपर्यंत कुणी जागचं हलणार नाही. साधं खोकणारसुद्धा नाही."

रासमानेचे अंगठे हलायचे थांबले.