लुसीलाचा बेडूक

मारित्सानं फोन टेबलावर ठेवला, पण त्यातला आवाज लावायला तिचा हात धजेना.

उद्या मृतांचा सण. आत चुलीपाशी दोन्या सोइला पावाची बाहुली वळत होत्या, दरवर्षी गेलेल्या लेकीच्या नैवेद्यासाठी वळतात तशी. त्यांचे पती एफ्राइन सर मारित्साकडे बघत बसले होते. बेडकांचं शास्त्र तिला त्यांनीच शिकवलं होतं. खोटं बोलायला तेवढं शिकवलं नव्हतं, आणि तिथंच पंचाईत झाली होती.

भिंतीवर काचबेडकाचा फोटो होता. पोटाची कातडी इतकी नितळ की आतलं इवलंसं हृदय दिसावं. नदीच्या अलीकडच्या काठावर ही जात सरांनी शोधली आणि तिला लुसीलाचं नाव दिलं. त्यांची लेक लुसीला पुरात नदी ओलांडताना वाहून गेली होती. शेवटपर्यंत सापडली नाही. तिला ना कबर, ना दगड. नाव उरलं होतं ते या बेडकाला.

"बोल पोरी. तोंडावरूनच कळतंय."

"सर, पलीकडच्या काठावरचा बेडूक आणि आपला एकच आहे," मारित्सा हळू आवाजात म्हणाली. "जनुकं तपासली, आवाज ताडून पाहिला. वेगळी जात नाहीच ही."

"आणि पलीकडच्याला आधीच नाव आहे."

"कुणा परदेशी साहेबाचं. जुनं नाव राहतं, नवं पुसायचं. नियम तुम्हीच शिकवलात."

"शिकवला खरा. अवदसा आठवली होती."

"तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार हा निबंध."

सरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"दुसरा कुणीतरी छापेलच. तूच छाप. तुला निदान वाईट तरी वाटेल." मग म्हणाले, "ऐकव."

फोनमधून बारीक शीळ आली. थांबली. पुन्हा आली.

पिठाच्या हातांनीच दोन्या सोइला धावत बाहेर आल्या. "अगं बाई! लुसीलाचा बेडूक! कुठं गं सापडला हा?"

मारित्सानं सरांकडे पाहिलं.

"पलीकडच्या काठावर," सर म्हणाले.

दोन्या सोइलांचे डोळे भरून आले, पण चेहरा हसत होता.

"पलीकडं? म्हणजे पोचली माझी पोर!" त्यांनी शालीच्या टोकानं डोळे पुसले आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आणि तुम्ही काय असे सुतकी चेहरे करून बसलाय?"