वायरीतला गळा

फोनवर नातीने "कोण बोलतंय?" असं विचारलं, तेव्हापासून केतकी बोलेनाशी झाली होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिला गळपट्टा बसवला होता. तो नसांचे संकेत ओळखून शब्द बोलायचा, पण सगळ्या रुग्णांच्या पट्ट्यांचा आवाज एकच होता.

तिच्या नवऱ्याने, मंदारने, आयुष्यभर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला होता. माडीवरच्या खोलीत त्याने ते संकेत पट्ट्याचा आवाज वगळून वायरीने थेट तीन जुन्या सिंथेसायझरमधून फिरवले. एकातून स्वर, दुसऱ्यातून श्वास, तिसऱ्यातून खर्ज. जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याने तिचा तरुणपणीचा आवाज हुबेहूब जुळवला.

"बोल ना," तो म्हणाला.

"ही मी नाही रे," स्पीकरमधून गोड आवाज आला. "ही केव्हाच मागे राहिली."

मंदारचा चेहरा उतरला. केतकीने स्वराची वायर उपसून खर्जाच्या यंत्रात खोचली, दोन बटणं फिरवली. आवाज जाड, थोडा खरखरीत झाला.

"आता?"

"म्हातारीचा वाटतोय."

"मग साठीच्या बाईचा कसा असतो?" म्हणत ती हसली.

पट्ट्याला नुसते शब्द कळत, हसणं त्याला कधी जमलंच नव्हतं. आता मात्र ते हसू यंत्रांतून खोलीभर घुमलं, आणि मंदारला डोळे पुसायला रुमाल सापडेना.