फटीतली बोटं

"अध्यक्षसाहेब, लिफ्टची किल्ली खिशात घालून मॅच बघताय आणि इथं माझा नवरा लिफ्टमध्ये गुदमरतोय!"

तिसऱ्या मजल्यावरून ओरडून ओरडून कुमुदकाकूंचा घसा बसला. खालच्या हॉलमध्ये अख्खी सोसायटी टीव्हीपुढं बोंबलत होती. त्या गोंगाटात फोन कोण उचलणार? धावत खाली जावं, तर अडकलेल्या दाराच्या फटीतून दमेकरी नवऱ्यानं त्यांची बोटं घट्ट धरलेली.

"सोडू नकोस गं," आतून घरघर आली.

"नाही सोडत. तुम्ही बोलू नका, श्वास घ्या."

सोसायटीच्या वायफायवरून कुणाचाही फोन त्या टीव्हीला जोडता यायचा. काकूंनी परवाच नातवाचं बारसं तिथं सगळ्यांना दाखवलं होतं. मोकळ्या हातानं त्यांनी फटीतल्या बोटांचा व्हिडिओ काढला, जीव खाऊन ओरडत, आणि खालच्या टीव्हीवर सोडला.

गलका थांबला. "कोण रे तो? शेवटची ओव्हर घालवली!" कुणीतरी खेकसलं. मग जिन्यातून काकूंना स्वतःचाच आवाज दसपट मोठा होऊन वर येताना ऐकू आला.

"ही बोटं गार पडायला लागलीत. किल्ली घेऊन कोण येतंय? बोला!"